पेशीचा घास: एका पावसाळ्याच्या प्रकल्प नोंदी

मालवण तालुक्यात खाडीकाठच्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवतो. गेल्या वर्षी आठवीला पेशी शिकवताना फळ्यावर नेहमीचं चित्र काढलं. प्रद्रव्यपटलाला, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाला, खळगा, खळग्यात अन्नाचा कण, मग खळग्याचं तोंड मिटतं आणि आत एक पिशवी सुटते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, पिशवी तुटून आत गेली तर मागे भोक नाय पडत?" मी "पटल लवचीक असतं" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तिला ते पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही. पंधरा वर्षं तेच चित्र काढतोय, पण प्रत्यक्ष बघितलं एकदाही नव्हतं.

म्हणून यंदाच्या पावसाळ्यात बघायचंच असं ठरवलं. ज्यांना शाळेत किंवा घरी हे करून बघायचंय त्यांच्यासाठी वहीतल्या नोंदी उतरवतोय. चुका गाळलेल्या नाहीत, कारण निम्मा वेळ त्यांतच गेला.

१६ जून २०२४, रविवार

शाळेचा मायक्रोस्कोप घरी आणला. मे महिनाभर कपाटात बंद होता. ४० पटीच्या भिंगावर बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक. आपल्याकडे हे होणारच, पण मी तो लाकडी पेटीत रुमालात गुंडाळून ठेवला होता, म्हणजे बुरशीला अंथरूण-पांघरूण मीच दिलं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायच्या काड्या घेऊन दोन तास पुसत बसलो. बरीचशी गेली, पण डाव्या बाजूला एक धुरकट डाग कायमचा राहिला. बुरशीने काचेवरचा लेपच खाल्लाय. पुढच्या सगळ्या फोटोंत तो डाग आहे, तो पेशीचा भाग समजू नये.

आता भिंगं काढून तांदळाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतोय. पुड्या ओल्या झाल्या की तव्यावर मंद गरम करून परत आत.

२० जून

पॅरामेशियम, म्हणजे साचलेल्या पाण्यातले एकपेशीय जीव, वाढवायला घेतले. मूठभर भाताचा पेंढा लिटरभर पाण्यात पंधरा मिनिटं उकळला, गार केला, बरणीत ओतला. दुसऱ्या दिवशी त्यात तळ्याचं वाटीभर पाणी घालायचं, वरून फडकं बांधायचं. बास, एवढंच.

२८ जून

बरणीत काही नाही. म्हणजे शब्दशः काही नाही. आठ दिवसांत पेंढ्याच्या पाण्यात निदान जिवाणूंची साय तरी यायला हवी, इथे पाणी चहासारखं स्वच्छ.

कारण संध्याकाळी कळलं. पेंढा मी विहिरीच्या पाण्यात उकळला होता, पण बरणी भरताना कमी पडलं म्हणून नंतर न उकळलेलं आणखी अर्धा लिटर ओतलं होतं. पावसाच्या तोंडावर विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, ती नेमकी त्याच सकाळी टाकली होती. क्लोरीनने तळ्याच्या पाण्यातले सगळे जीव मारले. आठ दिवस फुकट गेले. वासावरून ओळखायला हवं होतं, पण सर्दी होती.

२९ जून

परत पहिल्यापासून. या वेळी पाणी पावसाचं, पागोळ्यांखाली पातेलं लावून धरलेलं. पहिल्या दोन सरी सोडून दिल्या, कारण कौलांवरची घाण त्यांत येते. बी म्हणून दोन ठिकाणचं पाणी, दोन वेगळ्या बरण्यांत: एक सड्यावरच्या कातळातल्या डबक्यातलं, दुसरं कुणग्यातलं (भाताच्या वाफ्यातलं), जिथे अजून खत पडलेलं नाही. प्रत्येक बरणीत भाताचे चार दाणे.

८ जुलै

वास. घरात "बरण्या बाहेर गेल्या नाहीत तर मी जाईन" अशी नोटीस मिळाली. पडवीत हलवल्या.

सड्याच्या बरणीत नुसते बारीक बारीक पळणारे जीव, माझ्या उपयोगाचे नाहीत. कुणग्याच्या बरणीत मात्र वरच्या सायीच्या कडेला पांढुरके ठिपके डोळ्यांनी दिसतात, सरकतात. एक थेंब १० पटीच्या भिंगाखाली घेतला. चपलेच्या आकाराचे, स्वतःभोवती गिरकी घेत पळणारे. पॅरामेशियमच! एका थेंबात वीस-पंचवीस. पाणी काढताना बरणीच्या तळातून काढू नका, सायीच्या अगदी खालून काढा. ते हवेजवळ गर्दी करतात.

११ जुलै

रंग आला. काँगो रेड, २५ ग्रॅमची बाटली, कुरिअरसकट ४१० रुपये. लागतात ३० मिलिग्रॅम. म्हणजे ही बाटली माझ्या निवृत्तीनंतरही पुरेल.

हाच रंग का? पाणी साधं असेल तर तो लाल राहतो, पाणी आम्ल होऊन पीएच (आम्लता मोजायचा आकडा) ३ च्या खाली गेला की निळा होतो. यीस्टच्या पेशी या रंगात रंगवून पॅरामेशियमला खायला घातल्या की प्रत्येक घास हा एक चालता-फिरता लिटमस कागद होतो. आत गेल्यावर त्या पिशवीत काय चाललंय ते बाहेरून कळतं.

३० मिलिग्रॅम मोजायचे कसे? शाळेचा तराजू ग्रॅमच्या खाली जात नाही. बाजारातल्या सोनाराकडे गेलो. त्याने लाल पूड बघून पारड्याला हात लावू दिला नाही, स्वतःच बटर पेपरवर मोजून दिली आणि "सर, हे नक्की काय?" असं दोनदा विचारलं.

सावधगिरी: हा रंग बेन्झिडीनपासून बनतो आणि कर्करोगाला कारण होऊ शकतो अशा रसायनांत धरला जातो. पूड मुलांच्या हाती द्यायची नाही. हातमोजे, तोंडाला फडकं, पंखा बंद. स्वयंपाकघरातलं भांडं वापरायचं नाही. मी एक जुनं टमरेल कायमचं याच्या नावावर केलं.

कृती: ३ ग्रॅम यीस्ट, ३० मिलिग्रॅम रंग, ३० मिलिलिटर पाणी. दहा मिनिटं मंद उकळायचं. उकळल्याने यीस्ट मरतं, म्हणजे पुढे फुगत नाही.

लगेच एक थेंब पॅरामेशियमच्या थेंबात मिसळला. सगळीकडे लाल. टोमॅटोच्या सारात मासे शोधण्यातला प्रकार. दिवस गेला.

१४ जुलै, रविवार

दोन दुरुस्त्या.

पहिली: रंगवलेलं यीस्ट धुवायचं. तळाशी बसू द्यायचं, वरचं लाल पाणी ओतून टाकायचं, पावसाचं पाणी घालायचं. असं तीनदा. मग त्यातलं थेंबभर टूथपिकच्या टोकावर घ्यायचं आणि तेवढंच पॅरामेशियमच्या थेंबात बुडवायचं. पाणी जेमतेम गुलाबी दिसलं पाहिजे.

दुसरी अडचण वेगाची. पॅरामेशियम सेकंदाला मिलिमीटरभर पळतो. ४०० पटीला माझ्या मायक्रोस्कोपखाली दिसणारं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान आहे. म्हणजे तो आला म्हणेपर्यंत गेलेला असतो. पाणी दाट करून त्याला हळू करतात असं ऐकून इसबगोलाचा चिकट रस घातला. हळू झाले खरे, पण रसातल्या फोलपटांची एवढी गर्दी झाली की पॅरामेशियम कुठला आणि फोलपट कुठलं कळेना. जे दिसले त्यांच्या पोटात लाल असं काहीच नव्हतं. इतक्या दाट पाण्यात त्यांचं खाणंही मंदावत असणार.

उपाय देवघरात सापडला. समईच्या वातीचा कापूस पिंजून त्याचे सात-आठ तंतू स्लाइडवर आडवेतिडवे टाकले, वर थेंब, वर कव्हरस्लिप. तंतूंच्या चौकटीत अडकलेला पॅरामेशियम पुढे-मागे करतो आणि कंटाळून एका जागी थांबतो. कंटाळतो हे माझं म्हणणं, त्याचं नाही.

१७ जुलै, आषाढी एकादशी

सुट्टी. बाहेर मुसळधार पाऊस. सकाळी साडेनऊला बसलो. या हवेचा एक फायदा आहे: स्लाइडवरचा थेंब लवकर सुकत नाही, तासभर टिकतो.

९:५० ला दिसलं. जसं दिसलं तसं लिहितो.

पॅरामेशियमच्या एका बाजूला तिरकी खाच असते. तिथले केस एकसारखे हलतात आणि लाल यीस्ट त्या खाचेतून ओढले जातात, पन्हळीतून पाणी उतरावं तसे. खाचेच्या तळाला घशासारखी निमुळती जागा आहे. तिथे आधी एक दाणा थांबला, मग तीन, मग मोजता येईनात. त्या दाण्यांभोवती एक फुगवटा तयार होऊ लागला. फुग्याची कड स्पष्ट, चकचकीत. तो घशाला लटकलेला होता, आणि आतले दाणे गोल गोल फिरत होते. फुगला, आणखी फुगला, आणि मग एका क्षणी घशापासून सुटला. झटका नाही, काही नाही. दोन दाणे मागेच राहिले आणि पुढच्या फुगवट्याचे पहिले दाणे झाले. सुटलेली पिशवी शेपटाकडे निघाली.

भोक वगैरे काही पडलं नाही. घशाशी पाणी आत शिरलं नाही, पेशीतलं काही बाहेर आलं नाही.

त्यानंतर मी त्या एकाच पॅरामेशियमच्या मागे बावीस मिनिटं होतो. तेवढ्यात सात पिशव्या सुटल्या. दर वेळी अंतर वेगळं, दीड ते पाच मिनिटं. पहिली पिशवी सुटताना शेंदरी होती. चार मिनिटांनी जांभळट वाटली, सातव्या मिनिटाला निळी. तोवर तिचा आकारही आक्रसला होता. मग पुढे कधीतरी परत लालसर. नक्की कधी ते निसटलं, कारण लाइट गेली.

लाइट येईपर्यंत उत्साहात एक घोळ घातला. मोबाइलच्या टॉर्चवर बघायला सोपं जावं म्हणून पॅरामेशियम मारून स्थिर करावेत असं वाटलं. घरात होतं व्हिनेगर, त्याचा एक थेंब सोडला. सगळ्या पिशव्या एकदम निळ्या! अर्धा तास मी हवेत. मग लक्षात आलं की पिशव्यांच्या बाहेर पाण्यात पडलेले यीस्टही निळेच आहेत. आम्ल मीच घातलं होतं, निळं होणारच.

त्या चुकीचा पुढे उपयोग केला. एका स्लाइडवर साध्या पाण्यातलं रंगीत यीस्ट, शेजारी लिंबाच्या रसातलं. लाल म्हणजे केवढं लाल आणि निळं म्हणजे केवढं निळं याचा नमुना तयार झाला. हे पहिल्याच दिवशी करून ठेवा.

१८ जुलै

पुस्तकातल्या चित्रात पिशवी आत येते, तिला लयकारिका (पाचक रसाची पिशवी) येऊन मिळते, पाचक रस ओतला जातो, झालं. पॅरामेशियममध्ये मधे आणखी एक पायरी आहे, आणि मी काल तीच रंगात बघितली. पिशवी सुटल्या सुटल्या तिला आधी आम्ल भरलेल्या लहान पिशव्या येऊन मिळतात. त्यांनी आतलं पाणी पीएच ३ च्या आसपास जातं. म्हणून निळं. लयकारिका त्यानंतर येतात. ही पायरी मी पंधरा वर्षांत शिकवलेली नाही.

२१ जुलै, गुरुपौर्णिमा

भोकाचा प्रश्न मुलांना दाखवायचा कसा? मायक्रोस्कोप एक, मुलं बेचाळीस.

प्लॅस्टिकची बांगडी साबणाच्या पाण्यात बुडवून पडदा धरला आणि त्यावर वीतभर उंचीवरून सायकलचा छर्रा सोडला. पडदा फुटला. पुन्हा सोडला, पुन्हा फुटला. बायको म्हणाली, "अहो, ओला करून टाका ना. फुग्यात ओलं बोट जातं, कोरडं नाही जात." छर्रा त्याच साबणाच्या पाण्यात भिजवून सोडला. आरपार गेला आणि पडदा जागच्या जागी! दहापैकी आठ वेळा जमलं.

पेशीच्या पटलाचं असंच आहे एवढंच मी मुलांना सांगणार आहे. तेलकट रेणूंच्या त्या दुपदरी थराला उघडी कड परवडत नाही, कड आली की तो ती मिटवतो. खळग्याची मान आवळत जाते, मग आतला पदर आतल्याला मिळतो आणि बाहेरचा बाहेरच्याला. फरक एकच: साबणाचा पडदा आपोआप मिटतो, पेशीला मात्र मान आवळायला प्रथिनं लागतात आणि ऊर्जा खर्चावी लागते. तो खर्च दाखवायचा कसा हा पुढचा प्रश्न.

२८ जुलै, रविवार

बर्फ. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीमुळे होड्या वर ओढलेल्या आहेत, तरी बाजारात मासळीचा बर्फ मिळतो, दहा रुपयांना थाळीभर. दोन वाट्यांत सारखंच पॅरामेशियमचं पाणी. एक वाटी पडवीत, दुसरी बर्फात वीस मिनिटं. दोन्हींत रंगीत यीस्ट, दहा मिनिटं थांबून दोन्हींतले दहा-दहा मोजले. पडवीतल्यांत चार ते सात लाल-निळ्या पिशव्या. बर्फातल्यांत बहुतेकांत शून्य, दोघांत एकेक. नुसतं भोकातून पाणी झिरपावं तसं अन्न आत जात असतं तर थंडीने एवढा फरक पडला नसता.

ते निवडून खातात का, हेही बघायचं होतं. चित्रकलेची काळी शाई घातली, सगळे मेले (शाईत आणखी काय काय असतं). समईची काजळी पाण्यावर तरंगत राहिली. सोडून दिलं.

४ ऑगस्ट, दिव्यांची अवस

आता दुसरा भाग. पॅरामेशियमला तोंडासारखी ठरलेली जागा असते. पण तोंड नसलेली पेशी घास घेते तेव्हा काय होतं? आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी हेच करतात, पण शाळेत मुलांचं रक्त काढणं नको. तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, चालेल.

ही कल्पना तशी माझी नाही. १८८२ साली इटलीतल्या मेसिना बंदरात इल्या मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात बागेतल्या झाडाचा काटा टोचून ठेवला. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा. त्यातून भक्षक पेशींची कल्पना आली, आणि १९०८ चं नोबेल पाउल एर्लिखबरोबर त्याला विभागून मिळालं. समुद्रकाठी राहण्याचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

अमावास्येची सुकती (ओहोटी) चांगली मोठी असते. शेजारचे काका पहाटेच कालावलच्या खाडीत उतरले होते. दोन वाटे तिसऱ्या घेतल्या, दोनशे रुपये. "मास्तरानू, खातलास की नुसते बघतलास?" असं त्यांनी विचारलं. उद्यापासून श्रावण, म्हणून एका वाट्याचं दुपारी सुकं झालं. दुसरा वाटा माझा.

तिसरीचं रक्त पाण्यासारखं असतं, लाल नाही. शिंपला थोडा फटीत धरून इन्सुलिनच्या सिरिंजने मागच्या स्नायूतून ओढायचं. पहिल्या पाच तिसऱ्यांत मी नुसतं शिंपल्यातलं पाणी ओढलं, त्यात वाळू आणि एकही पेशी नाही. सुई स्नायूत शिरली की किंचित अडखळते, रबरात टोचल्यासारखी. ते हाताला कळायला सहावी तिसरी लागली. हळू ओढा, पाव मिलिलिटरच्या आत थांबा आणि ताबडतोब स्लाइडवर सोडा. सिरिंजमध्ये मिनिटभर राहिलं तरी पेशी एकमेकींना चिकटून गोळे होतात.

पेशी दिसल्या. मग रंगीत यीस्टचा थेंब घातला आणि बघता बघता पेशी फुगल्या, पारदर्शक झाल्या, दिसेनाशा झाल्या. सगळ्या फुटल्या. यीस्ट पावसाच्या पाण्यात होतं ना! खाऱ्या पाण्यातल्या पेशी गोड्या पाण्यात टाकल्यावर दुसरं काय होणार? हे मी दरवर्षी नववीला मनुकांवर शिकवतो.

११ ऑगस्ट, रविवार

श्रावण. घरात तिसऱ्या आणायला बंदी. मांगरात (घराबाहेरच्या खोपीत) टेबल टाकलं. आणखी एक वाटा, शंभर रुपये.

या वेळी यीस्ट आचऱ्याच्या किनाऱ्यावरून आणलेल्या समुद्राच्या पाण्यात मिसळलं, कॉफीच्या कागदातून गाळून. पेशी फुटल्या नाहीत, पण आक्रसल्या, काटेरी झाल्या, हालचाल बंद. तासभर डोकं खाजवलं. पावसाळ्यात खाडीचं पाणी नदीच्या लोंढ्याने पातळ होतं, आणि तिसरीच्या अंगातला खारटपणा बाहेरच्या पाण्याबरोबर बदलतो. खाडीतल्या तिसरीला भर समुद्राचं पाणी म्हणजे लोणचंच.

दुरुस्ती: त्याच तिसऱ्यांच्या शिंपल्यांतलं पाणी वाटीत जमवलं, निवळू दिलं, गाळलं आणि यीस्ट त्यात तीनदा धुतलं. पाणी ज्याचं त्याचंच वापरायचं. एवढं एक वाक्य कोणी आधी सांगितलं असतं तर दोन रविवार वाचले असते.

रक्ताचा थेंब स्लाइडवर, स्लाइड ओलं फडकं घातलेल्या स्टीलच्या डब्यात, वीस मिनिटं. पेशी काचेला चिकटून पसरतात. मग यीस्ट, पुन्हा डबा, चाळीस मिनिटं. मग त्याच गाळलेल्या पाण्याने हलकेच धुणे.

तव्यावर फोडलेल्या अंड्यासारख्या पसरलेल्या पेशी. कडेला पातळ पदर, पुढे सरकणारा, मागे येणारा. एका पेशीच्या कडेला लाल दाणा टेकलेला होता. दोन्ही बाजूंनी पदर त्याच्यावर चढत होता. काका मोबाइलच्या पडद्यावर बघत होते. म्हणाले, "म्हणजे ह्या पाग टाकता म्हणा." मी हो म्हणून गेलो, पण नंतर पुन्हा बघितलं. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, वरून सैल पडतो आणि खाली आवळतो. इथे पदर दाण्याच्या अंगाला चिकटून, इंच इंच धरत वर चढतो. मधे पाण्याला जागा जवळजवळ नसते. पॅरामेशियमच्या पिशवीत दाणे पाण्यात गरगरत होते, इथे दाणा आवळून बांधलेला.

दाणा आत गेला की नुसता वर चिकटलाय? हा खरा त्रास. फोकस वर-खाली करून बघायचं, आणि कव्हरस्लिपवर सुईच्या टोकाने हलकी टिचकी मारायची. चिकटलेले बरेचसे हलतात, आतले पेशीबरोबरच राहतात. नऊ दाण्यांपैकी चारांबद्दल मी छातीवर हात ठेवून सांगेन. निळा मात्र एकही झाला नाही. इथे आम्ल तेवढं तीव्र होत नसावं, किंवा मी तेवढा वेळ थांबलो नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

तिसऱ्यांच्या पेशी बर्फावर. दाणे चिकटलेले दिसले, आत गेलेला एकही खात्रीने दाखवता येईना. बर्फावरून काढून अर्धा तास मांगरात ठेवल्यावर तीन आत. चिकटणं फुकट, गिळणं विकत.

२५ ऑगस्ट, रविवार

खर्च. काँगो रेड ४१०, यीस्ट ६०, स्लाइड १५०, कव्हरस्लिपा ९०, मोबाइल धरायचा स्टँड ३९९, हातमोजे १००, सिरिंजा ५०, भिंगं पुसायचं सामान आणि सिलिका १८०, तिसऱ्या ३०० (त्यातल्या शंभराच्या पोटात गेल्या), छर्रे २०, बर्फ २०. एकूण १,७७९ रुपये. मायक्रोस्कोप शाळेचा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे सगळे मोठे घास आहेत. यीस्टचा दाणा पाचेक मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पेशी रोज ज्या बारीक पिशव्या आत घेते, क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाच्या जाळीत बांधलेल्या, त्या साधारण ०.१ मायक्रॉनच्या असतात, आणि साध्या मायक्रोस्कोपची धाव ०.२ मायक्रॉनपर्यंतच. भिंग कितीही महाग घेतलं तरी प्रकाश तिथे हरतो. तसले काटेरी अस्तराचे खळगे १९६४ मध्ये रॉथ आणि पोर्टर यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली वर्णन केले. कुठे? डासाच्या अंड्यात, बलक आत घेताना. क्लॅथ्रिन हे नाव बार्बरा पीअर्स यांनी १९७६ मध्ये दिलं. आमच्या मांगरात डासांना तोटा नाही, पण पुढचं यंत्र परवडणारं नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार

गणपतीची सुट्टी लागण्याआधी शाळेत दाखवलं. आठवी आणि नववी. छर्र्याचा खेळ सगळ्यांत गाजला, बांगड्या तीन तुटल्या. मायक्रोस्कोपसमोर रांग.

ती मुलगी आता नववीत आहे. रांगेत दोनदा उभी राहिली. मग म्हणाली, "भोक नाय पडत ते समजलं. पण सर, दर दोन मिनिटांनी कातड्याचा तुकडा आत जातोय. मग कातडं संपत कसं नाय?"

या वेळी वेळ मारून न्यायची गरज पडली नाही. आपल्या शरीरातली भक्षक पेशी अर्ध्या तासात तिच्या सगळ्या पटलाएवढं पटल आत घेते, आणि तेवढंच परतही आणते. पॅरामेशियममध्ये घास पचून झाला की पिशवी मागच्या बाजूला ठरलेल्या जागी जाऊन बाहेर उघडते, उरलेलं टाकते, आणि रिकाम्या पिशवीचं पटल चपट्या चकत्यांच्या रूपात परत घशाकडे येतं. तिथे पुढच्या पिशवीला लागतं.

"ती मागे उघडताना तुम्ही बघितलीत?"

नाही. जुलैपासून पाच वेळा बसलो होतो. दोनदा लाइट गेली, एकदा पॅरामेशियम कापसातून सुटला, एकदा मला शिंक आली आणि एकदा फोन. तिला स्टूल दिलं, घड्याळ दिलं, एक पॅरामेशियम धरून दिला आणि डोळा काढायचा नाही म्हणून सांगितलं. बाकीच्या मुलांना घेऊन व्हरांड्यात गेलो, कारण छर्रे जिन्यावरून खाली गेले होते. परत आलो तर ती शांतपणे वहीत लिहीत होती.

त्या पानावरची नोंद तिच्या अक्षरात आहे: "११ वाजून ४२ मि. मागच्या बाजूला, खाचेच्या खाली. पिशवी कडेला टेकली. थांबली. मग भस्सकन तांबडं बाहेर. नंतर तिथे काहीच नाही, पहिल्यासारखं."

मी अजून बघितलेलं नाही.